क्रोनोग्राफच्या डोळ्यात कुंकू

मित्रांनो, मी एक जुना क्रोनोग्राफ आहे, आणि मी कुणाचीही माफी मागणार नाही.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. वस्तूंनी आपली कहाणी सांगायची म्हणजे हळू आवाजात, डोळे पुसत सांगायची, असा एक रिवाज पडून गेलाय. फुटकी पाटी रडते, मोडकी छत्री उसासे टाकते. माझ्यावर लोक ओरडले आहेत, मला लाथ बसली आहे, एकदा तर खरीखुरी गोळी लागली आहे. तरी मी रडलो नाही. रडलो असतो तर वरचं आकाश नीट दिसलं नसतं, आणि नीट दिसणं हेच माझं काम.

क्रोनोग्राफ म्हणजे बंदुकीच्या गोळीचा वेग मोजणारं यंत्र. मी दिसायला अगदी साधा आहे. जेवणाच्या डब्याएवढी एक पत्र्याची पेटी, तिच्यावर आकडे दाखवणारी छोटी खिडकी. पेटीपासून वायर निघते ती एका लांब दांडीपर्यंत जाते, आणि त्या दांडीच्या दोन टोकांना माझे दोन डोळे. दोन्ही सरळ वर आकाशाकडे बघतात. गोळी पहिल्या डोळ्यावरून गेली की तिची सावली पडते आणि मी मोजायला लागतो. दुसऱ्या डोळ्यावरून गेली की थांबतो. मधे किती वेळ गेला त्यावरून वेग सांगतो, सेकंदाला इतके फूट. बस्स. मला गोळी कुणाची, बंदूक केवढ्याची, माणूस कोण, काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

माझा जन्म आयडाहो राज्यातला. दोन भावांनी घरामागच्या शेडमध्ये मला जोडलं. धाकट्याने माझ्या डोळ्यांवर काच बसवली आणि फुंकर मारून ती पुसली. ती फुंकर मला अजून आठवते. त्यानंतर माझे डोळे इतक्या प्रेमाने कुणी पुसले, ते थेट रेडमंडमध्ये. पण ते पुढे येईलच.

माझा पहिला मालक घरीच काडतुसं भरायचा. अमेरिकेत असे पुष्कळ हौशी लोक आहेत. एकदा उडवलेलं पितळी काडतूस टाकून द्यायचं नाही, त्यात नवी दारू, नवी गोळी भरून पुन्हा वापरायचं. प्रत्येकाची कृती वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच थोर वाटते, लोणच्यासारखं. माझा मालक सगळ्यांना सांगत फिरायचा की माझ्या गोळ्या बाराशेने जातात. मी म्हटलं, साडेनऊशे. त्याने पुन्हा उडवली. मी पुन्हा तेच म्हटलं. त्याने मला लाथ घातली. गवत कापायच्या यंत्राशेजारी मी पुढची काही वर्षं काढली.

मग एका नेमबाजीच्या क्लबात आलो. तिथे एका गृहस्थाने खांदा हलवला आणि माझ्या डोळ्यांवरून जायची गोळी माझ्या दांडीतून गेली. अजून भोक आहे. तो गृहस्थ काय म्हणाला असेल? "हे चुकीच्या जागी ठेवलंय!"

बघितलंत ना? माणसाला स्वतःचा आकडा आवडला नाही की चूक नेहमी माझीच.

रेडमंडला मी आलो ते एका गराज सेलमधून, म्हणजे कुणीतरी दारात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून. सीॲटलच्या पलीकडे तळ्याच्या बाजूला हे गाव आहे. पाऊस आणि ढग यांचंच राज्य. लोक कुरकुर करतात, पण मला ते हवामान फार मानवतं. लख्ख उन्हात माझे डोळे दिपतात. पांढऱ्या ढगाखाली मात्र एवढीशी सावलीसुद्धा मला स्वच्छ दिसते. त्या दिवशीही ढगच होते. जुन्या टोस्टरच्या आणि एका बिनचाकी सायकलच्या मधे मी पडलो होतो, आणि एका मुलीने मला उचललं.

"बाबा! हा क्रोनोग्राफ आहे! वर्किंग आहे की नाही माहीत नाही, पण कमॉन, बघा तरी!"

ती मृणालिनी. पंधरा वर्षांची. दोन वेण्या सोडून नुकतेच केस कापलेले आणि बोलण्याला ब्रेक नाही. आदल्या वर्षापर्यंत म्हणे ती वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि शिक्षकांनी "लिन" म्हटलं की मुकाट्याने हात वर करायची. त्या वर्षी पहिल्याच दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं नाव मृणालिनी आहे. मोठं आहे, माहितीय. सावकाश म्हणा, मी थांबते." आणि खरंच थांबली. सगळा वर्ग थांबला. शिक्षकांना तिसऱ्या खेपेला जमलं.

मला ती तिथेच आवडली.

तिचे बाबा श्रीराम, पुण्याचे, विमानाच्या कंपनीत इंजिनिअर. शांत माणूस. वाद व्हायच्या आतच "असेल बुवा" म्हणून मोकळे होणारे. त्यांच्याकडे एक पिस्तूल होतं, आपोआप पुढचं काडतूस चढवणारं, आखूड नळीचं. शनिवारी ते आणि नरेंद्रकाका डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या नेमबाजीच्या मैदानावर जायचे. नरेंद्रकाका त्याच कंपनीतले, नागपूरचे, आवाजाने आणि मनाने मोठे. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं. फिरत्या चक्रात सहा काडतुसं, पुढे लांबलचक निळीशार नळी. मोठी बढती मिळाली तेव्हा त्यांनी ते घेतलं होतं. ते पेटीतून बाहेर काढताना ते आधी हात पुसायचे.

मजा अशी की दोघांची काडतुसं एकच होती. काका आपल्या गराजमध्ये ती भरायचे, सोनाराच्या असतो तसल्या नाजूक तराजूवर दारू तोलून. बाबांच्या पिस्तुलात ती तशीच जायची. काकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवताना तीन-तीन काडतुसं चंद्रकोरीसारख्या पातळ पत्र्यात अडकवायची आणि मग चक्रात सरकवायची. दारू तीच, गोळी तीच, भरणारा हात तोच. मग वेग कुणाचा जास्त?

"हा काय प्रश्न झाला?" काका म्हणाले होते. "माझी नळी दीडपट लांब. नळी लांब तर गोळीला रेटा जास्त वेळ. श्रीराम, तुझं ते खेळणं आहे बाप्पा!"

"असेल बुवा," बाबा म्हणाले.

"असेल काय? मोजूया ना!" मृणालिनी म्हणाली, आणि तिथेच तिचा शाळेच्या सायन्स फेअरचा विषय ठरला. एकच काडतूस, दोन बंदुका, कुणाचा वेग जास्त? बाईंनी परवानगी दिली, एकाच अटीवर, शाळेत फक्त आकडे आणि आलेख आणायचे. बंदुका मोठ्यांनीच चालवायच्या. मोजणारी मी, असं मृणालिनीने जाहीर केलं. खरं म्हणजे मोजणारा मी, पण असू दे.

पहिल्या शनिवारी मी मैदानावर उभा राहिलो. बंदुकीच्या तोंडापासून मला चांगलं दूर ठेवायचं असतं, नाहीतर धुराचा आणि आवाजाचा धक्काच मला गोळी वाटतो. मृणालिनीने हे आधीच वाचून ठेवलं होतं. कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ, डोळ्यांवर चष्मा, हातात पट्टी घेऊन तिने अंतर मोजलं. मैदानाचा प्रमुख ग्लेन, पांढऱ्या मिशांचा माणूस, तिच्याकडे बघून हसला.

बाबांनी पिस्तूल चालवलं. मी आठशेच्या वरचे आकडे दाखवले. एकामागून एक, सगळे जवळजवळ सारखे.

काकांनी हात पुसले, रिव्हॉल्व्हर उचललं, चालवलं.

मी आठशेच्या खालचे आकडे दाखवले.

पोरगी टाळ्याच वाजवायला लागली. "काका! बाबा फास्टर! आय डोंट बिलीव्ह इट!"

"मीही नाही," काका म्हणाले. ते वाकून माझ्या खिडकीत बघत होते. "हे डबडं बिघडलंय. कुठल्या भंगारातून उचललं?"

"गराज सेल," बाबा म्हणाले.

"तेच म्हटलं. अवं, लांब नळी मागे पडेल कशी? फिजिक्स काही आहे की नाही?" त्यांनी माझ्या पेटीवर टिचकी मारली. दोनदा. "खोटारडं आहे लेकाचं."

मित्रांनो, लाथेपेक्षा ती टिचकी मला जास्त लागली. पण आकडा मी बदलला नाही. पुन्हा उडवा, म्हटलं असतं, पण मला तोंड कुठे?

पुढच्या शनिवारी खंडेनवमी होती. तारखेने ती गुरुवारी येऊन गेली होती, पण रेडमंडमध्ये सगळे सण शनिवारीच येतात. मृणालिनीच्या घरी आई, म्हणजे सुहासिनीकाकू, कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा मांडायच्या. त्यांचं शिलाई मशीन, बाबांचा कॅलक्युलेटर, मृणालिनीचा टाइपरायटर, दोन्ही बंदुका रिकाम्या करून, आणि काकांचा तराजू. मलाही चौरंगावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पांढऱ्या स्वच्छ कापडावर बसलो होतो. खूप ऐटीत होतो, खोटं कशाला सांगू.

काकूंनी प्रत्येक वस्तूला ओलं कुंकू लावलं. शिलाई मशीनला माथ्यावर, कॅलक्युलेटरला वरच्या कडेला. माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. "याचं कपाळ कुठलं ग?"

मृणालिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "एनीव्हेअर, आई! मी शिरा हलवतेय!"

काकूंनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. दांडीच्या टोकाला एक उंचवटा, त्याच्या मधोमध चकचकीत गोल काच. त्यांना तेच कपाळ वाटलं. अनामिकेने त्यांनी तिथे ठसठशीत टिळा लावला, माझ्या पहिल्या डोळ्यावर. वर दोन अक्षता.

दसराही त्याच दिवशी उरकायचा. पण आपट्याची पानं रेडमंडला कुठली? अंगणातल्या मेपलची पिवळी पानं गोळा करून सगळ्यांनी एकमेकांना दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." काकांनी एक पान रिव्हॉल्व्हरपाशी ठेवलं आणि एक माझ्यापाशी. "बघ रे," ते मला म्हणाले, "देवीसमोर बसलायस. आता तरी खरं बोल."

रविवारी काका मला आणि बाबांना घेऊन मैदानावर गेले. मृणालिनी नव्हती, तिचा बायॉलॉजीचा अभ्यास होता. दांडी उभी करताना अक्षता गळून पडल्या, पण कुंकू वाळून घट्ट बसलेलं. एका डोळ्याने मला सगळं लालसर, अंधूक दिसत होतं. काकांनी उडवलं. काही गोळ्या तर मला दिसल्याच नाहीत, खिडकीत नुसता शून्य. "ते सोड," काका म्हणाले. ज्या दिसल्या त्यांचे आकडे बाबांच्या पिस्तुलाच्या आकड्यांपेक्षाही वर.

काका असे नाचले की ग्लेनने विचारलं, काही चावलं का.

"पूजा केली आणि अक्कल आली! श्रीराम, बघितलंस? आकडे लिहून घे."

"असेल बुवा," म्हणत बाबांनी लिहून घेतले. त्यांनी स्वतःचं पिस्तूल पेटीतून काढलंसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू खोटं बोललासच की. मुळीच नाही! कुणी तुमच्या डोळ्यात कुंकू घालावं आणि मग विचारावं की समोर काय दिसतंय. मला जे दिसलं ते मी सांगितलं. मला काय दिसेल हे ज्यांच्या हातात होतं, त्यांना विचारा.

त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी जुंपली. काका जेवायला होते, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, टाइपरायटरशेजारी.

"मृणाल, प्रोजेक्टच्या बोर्डवर आता नवे आकडे टाक," काका म्हणाले. "रिव्हॉल्व्हर वर, पिस्तूल खाली. तुझा प्रोजेक्ट वाचवला मी."

"पण मागच्या वेळी उलटं आलं होतं."

"तेव्हा मशीन खराब होतं."

"आणि आता आपोआप बरं झालं? हाऊ?"

"अगं, पूजेने म्हण, हवेने म्हण. तुला काऊन पाहिजे ते?"

"काका, मी सायन्स फेअरला 'पूजेने' लिहू?"

काकू हसल्या. काका हसले नाहीत. "हे बघ. मी वीस वर्षं इंजिनिअर आहे. लांब नळी मागे पडत नसते. मशीन पहिल्या दिवशी चुकलं होतं. आणि ते जर भरवशाचंच नाही असं तुझं म्हणणं असेल, तर मग सगळेच आकडे टाकून दे आणि प्रोजेक्ट पण. पुढच्या सोमवारी फेअर आहे ना? दुसरा विषय घे. आणि हे डबडं कचऱ्यात."

 मला माहीत होतं आदल्या वर्षीची मृणालिनी काय म्हणाली असती. ती म्हणाली असती, ओके काका. ती तसं म्हणाली असती तर माझाही निकालच लागला असता. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो, लाल डोळा घेऊन.

"नाही," मृणालिनी म्हणाली.

"काय नाही?"

"दुसरा विषय नाही, आणि हे कचऱ्यात नाही. शनिवारी परत मोजायचं. दोन्ही गन्स. एकाच दिवशी, एकाच हवेत. काका, तुम्ही रविवारी फक्त तुमचं मोजलंत. बाबांचं का नाही मोजलं?"

काका बाबांकडे बघायला लागले. बाबा आमटीकडे.

"असेल..." बाबांनी सुरुवात केली.

"बाबा, प्लीज, आज असेल बुवा नको!"

मग बाबांनी वाटी खाली ठेवली. "ती म्हणतेय ते बरोबर आहे, नरेंद्र. शनिवारी मी माझंही चालवतो."

शनिवार उजाडला. ढग अगदी मला हवे तसे, पांढरे, एकसारखे. काकूही आल्या होत्या, थर्मासमधून चहा घेऊन, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या दोघांची भांडणं सोडवायला कुणीतरी मोठं हवं. मृणालिनीने दोघांना एकाच पुडक्यातली काडतुसं वाटली.

"आधी काका."

काकांनी चालवलं. आकडे वर. काकांनी मिशीवरून हात फिरवला, त्यांना मिशी नसताना.

"आता बाबा."

बाबांनी चालवलं. मी दाखवलेला आकडा बघून बाबाच दचकले. त्यांचं पिस्तूलही पहिल्या शनिवारपेक्षा वर गेलं होतं, आणि काकांच्या रिव्हॉल्व्हरच्याही वर. थेट नऊशेच्या घरात. आणि मधेच एक शून्य.

"ओह वॉव," मृणालिनी पुटपुटली. "काका, पूजेने बाबांचं पण वाढलं? देवी दोघांना पावली?"

"म्हणजे मशीन वेडं झालंय," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बसला होता.

 ग्लेनने गोळीबार थांबल्याची खूण केली, तशी मृणालिनी माझ्याकडे चालत आली आणि गुडघ्यांवर बसली. आधी बॅटरी बघितली, मग वायर, मग दुसरा डोळा, आणि मग पहिला. नाक अगदी माझ्या काचेला टेकवून.

"आई!"

"काय ग? काय झालं?"

"आई, हे काय आहे?" तिने बोट वर केलं. बोटाचं टोक लाल.

सुहासिनीकाकूंनी तोंडावर हात ठेवला. "अग बाई! मला वाटलं ते त्याचं कपाळ आहे!"

मित्रांनो, ग्लेनला काही कळलं नाही, पण आम्ही पाचही जण, मी धरून, त्या लाल बोटाकडे बघत होतो. मग बाबा हसले. शांत श्रीराम, इतके हसले की कानांवरचे मफ गळ्यात आले.

मृणालिनी मात्र कामात होती. रुमाल ओला केला, काच पुसली. मग काचेवर एक फुंकर मारली. आयडाहोच्या शेडनंतर दुसऱ्यांदा.

"बघा," ती उभी राहून म्हणाली, आणि आता ती अगदी वर्गात बोलते तशी बोलत होती. "शर्यतीत पंचाने शिट्टी उशिरा ऐकली आणि घड्याळ उशिरा चालू केलं, तर काय होईल? सगळ्यांचीच वेळ कमी दिसेल. सगळेच फास्ट! याचा पहिला डोळा लाल झाला म्हणून याला गोळी उशिरा दिसली, दुसऱ्याला वेळेवर. मशीन खोटं बोलत नव्हतं. आपण त्याला आंधळं केलं आणि मग त्याच्याकडून आवडेल ते ऐकलं."

आवडेल ते ऐकलं! मी इतकी वर्षं हेच ओरडत होतो, तोंड नसताना.

पुन्हा मोजलं. बाबा आठशेच्या वर. काका आठशेच्या खाली. अगदी पहिल्या शनिवारसारखं, जसंच्या तसं.

काका रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून उभे राहिले. "ठीक आहे. कुंकवाचं मान्य. पण मला कारण सांग. नळी लांब आहे. ती मागे का पडते? कारण नसेल तर मी आकडा मानणार नाही, मग तो देवीचा असो की तुझ्या डबड्याचा."

हे मला पटलं, मित्रांनो. ते अडून बसले होते, पण प्रश्न खरा होता.

मृणालिनी आठवडाभर यावरच वाचत होती. तिने पिशवीतून एक मेपलचं पान काढलं. पूजेतलं सोनं, आता जरा वाळलेलं. तिने ते एका पुठ्ठ्याला चिकटवलं आणि ग्लेनला विचारून पुठ्ठा वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने उभा केला, रिव्हॉल्व्हरच्या बाजूला, जिथे फिरतं चक्र संपतं आणि नळी सुरू होते, बरोबर तिथे. सगळ्यांना मागे उभं केलं.

"लांबीचं तुमचं बरोबर आहे काका. पण तुमचं चक्र फिरतं ना? फिरायचं म्हणजे त्याच्या आणि नळीच्या मधे फट हवी. बाबांच्या पिस्तुलात काडतूस नळीच्या आतच बसतं, तिथे फट नाही, सगळा रेटा गोळीलाच. आता चालवा. हात मागे, नेहमीसारखे. पुठ्ठ्याजवळ नको."

काकांनी चालवलं. एकच.

पानाच्या मधोमध रेघेसारखं काळं भगदाड पडलं होतं. कडा जळून धूर निघत होता. पुठ्ठासुद्धा फाटला होता. ग्लेनने शीळ घातली.

मृणालिनीने ते पान काकांच्या हातात दिलं.

"काका, तुमचं सोनं इथून गळतंय."

काकांनी ते पान उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, आता लाथ. माझा अनुभव तसाच होता. पण त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, रिकामं केलं, आकाशासमोर धरून त्या फटीतून पलीकडे बघितलं. केसाएवढी फट. ढगांचा पांढरा उजेड त्यातून आत येत होता.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं ही लांब नळी मी फुकट वाहून आणतोय?"

"फुकट नाही हो भाऊजी," काकू चहा ओतत म्हणाल्या. "दिसायला छान आहे."

काका हसले. आधी थोडेसे, मग नागपुरी आवाजात, मोठ्याने. मग माझ्यापाशी आले. मी तयारच होतो. त्यांनी पेटीवर टिचकी मारली, एकच, आणि पेटीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. माफी मागितली नाही. मीही मागत नाही, त्यामुळे आमचं जमलं.

सोमवारी फेअरला बोर्डवर तिन्ही दिवसांचे आकडे होते. लाल डोळ्याचेसुद्धा, लाल पेनाने, आणि खाली कारण. परीक्षकांनी विचारलं, चुकलेले आकडे का लावलेस? मृणालिनी म्हणाली, "ते सगळ्यांना आवडले होते म्हणून." बोर्डच्या कोपऱ्यात ते जळकं मेपलचं पान होतं. शेजारी तिचं पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. बक्षीस दुसरंच मिळालं. पहिलं एका ज्वालामुखीच्या मॉडेलला गेलं. तिने घरी येऊन पायऱ्यांवरून ओरडून सांगितलं, "दुसरं! आणि त्यांनी नाव बरोबर वाचलं!"

या वर्षीही खंडेनवमी शनिवारीच आली. मी चौरंगावर होतो. काकू कुंकवाची वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या, पण या वेळी विचारावं लागलं नाही. मृणालिनीने माझ्या पेटीच्या वरच्या कडेला, मधोमध, आईची एक लाल टिकली चिकटवून ठेवली होती, आणि दोन्ही डोळ्यांवर बाटलीची झाकणं घातली होती.

"आई, कपाळ इथे. डोळे तिथे. परत चुकायचं नाही."

आता मित्रांनो, शेवटी काही मागायचं असतं, म्हणून मागतो. तुमच्या घरी मोजणारं काही असेल, तराजू, घड्याळ, थर्मामीटर, किंवा तोंडावर खरं सांगणारी एखादी मुलगी, तर तिला बोलू द्या. आकडा आवडला नाही म्हणून लाथ घालू नका, आणि आवडला म्हणून लगेच नाचू नका. नाचायच्या आधी एकदा काच पुसा. पूजा करायची तर खुशाल करा, मला शिऱ्याचा वास आवडतो. फक्त आधी विचारा, कपाळ कुठलं.

आज बाहेर ढग आलेत. काकांनी नवी काडतुसं भरली आहेत आणि ते जिन्यातूनच ओरडताहेत, या वेळी तरी रिव्हॉल्व्हर पुढे जाणार. बघू. माझे डोळे स्वच्छ आहेत. जे जाईल तेच सांगेन.